राजस्त्रियांची चित्रे आणि त्यांच्या छाया

राजघराण्यांतील आणि उमराव कुळांतील स्त्रियांची जी तैलचित्रे गेल्या दोन शतकांत रंगविली गेली, त्यांपैकी किती आपण प्रत्यक्ष चित्रासमोर उभे राहून पाहिली, असा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारून पाहावा. उत्तर बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येईल. बाकीची सारी आपण पाहिली ती ग्रंथातील गुळगुळीत कागदावर, मासिकाच्या पानावर, जुन्या वाड्याच्या माजघरात काचेमागे पिवळ्या पडलेल्या छापावर, आणि अलीकडे हातातल्या दूरध्वनीच्या पडद्यावर. आम्हीही यास अपवाद नाही. असे असूनही आपण या चित्रांविषयी बोलतो ते मूळ चित्र पाहिल्याच्या आविर्भावात. अमुक चित्रकाराचे रंग मंद आहेत, तमुक राणीची मुद्रा ताठर आहे, अशी विधाने आपण बेधडक करतो. तो मंदपणा चित्रकाराचा की छापणाऱ्याचा, आणि तो ताठरपणा राणीचा की कॅमेऱ्याचा, याचा विचार करण्याची तसदी टीकाकार सहसा घेत नाहीत. तो विचार येथे करावा, असा आमचा हेतू आहे.

देवळाशी ज्यांचा नित्याचा संबंध आहे त्या आमच्या वाचकांस मूळ आणि प्रतिनिधी यांचे नाते नव्याने समजावून सांगावयास नको. गाभाऱ्यातील देव आपल्या स्थानावरून हलत नाही. पालखीत बसते ती उत्सवमूर्ती. मंगेशीच्या देवळात दर सोमवारी पालखी निघते, तेव्हा भाविक तिला हात जोडतो आणि आपणास दर्शन घडले असे मानतो. त्याचे ते मानणे खोटे नसते. उत्सवमूर्तीस हा मान मिळतो याची कारणे दोन. एक तर तिच्यावर विधिपूर्वक संस्कार झालेला असतो. आणि दुसरे, ती कोणाची मूर्ती आहे याविषयी मंडपातल्या लहान मुलाच्याही मनात संदेह नसतो. चित्राची छायाचित्ररूप प्रतही अशीच आहे. मूळ चित्र राजवाड्यात वा संग्रहालयात राहते आणि प्रत लोकांमध्ये हिंडते. परंतु तिच्यावर कोणी संस्कार केलेला नसतो. त्या संस्काराची जागा तिला अचूकपणाने आणि नावनिशीने भरून काढावी लागते. या दोन्ही बाबतींत ती कोठे कमी पडते आणि कोठे अनपेक्षितपणे उपकार करून जाते, ते पाहू.

पहिली हानी आकाराची. जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने 1899 साली विंडम कुळातील तीन बहिणींचे जे चित्र रंगविले, ते आज न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याची उंची 292 सेंटिमीटर, म्हणजे साडेनऊ फूट, आणि रुंदी सुमारे सात फूट. तीन पांढरी वस्त्रे एका कोचावर पसरली आहेत, आणि मागच्या अंधाऱ्या भिंतीवर त्या बहिणींच्या आईचे चित्र टांगलेले आहे. तेही खरोखरीचे चित्र असून वॉट्स या आधीच्या पिढीतील चित्रकाराने काढलेले आहे. आई भिंतीवर आणि मुली खाली बसलेल्या, अशी कुळाची दोन पिढ्यांची कथा त्या एका चित्रात आहे. हेच चित्र मासिकात अर्ध्या पानावर छापले की उंचीने मुळाचा विसावा हिस्सा उरते. मुलींची पांढरी वस्त्रे तेवढी डोळ्यांत भरतात आणि आई भिंतीच्या काळोखात विरून जाते. पाहणारा म्हणतो, श्रीमंत स्त्रियांच्या कपड्यांचे प्रदर्शन मांडले आहे. चित्रकाराने तसे केले नव्हते, छापाने केले.

आकाराबरोबर पाहण्याची रीतही बदलते. पूर्णाकृती व्यक्तिचित्र दरबारातल्या उंच भिंतीसाठी रंगविलेले असते. त्याच्याकडे मान वर करून पाहावे लागते, आणि चित्रकाराने मुखाची ठेवण, दृष्टीचा कोन, वस्त्राचा घेर हे सारे त्या हिशेबाने योजलेले असते. तेच चित्र मांडीवर घेतलेल्या पुस्तकात आले की आपली दृष्टी वरून खाली जाते. जी स्त्री आपल्याकडे खाली पाहत होती तिच्याकडे आता आपण खाली पाहतो. तिचा रुबाब एकाएकी अहंकारासारखा दिसू लागतो. उमराव स्त्रियांच्या चित्रांवर गर्विष्ठपणाचा जो आरोप वारंवार होतो, त्यातील काही भाग या उलटलेल्या दृष्टीच्या पदरी घालावयास हवा.

दुसरी हानी रंगाची, आणि आपल्या दृष्टीने ती अधिक गंभीर आहे. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्राच्या काचेवर जे रसायन चढवीत, त्याला निळा रंग चटकन दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. परिणामी निळे वस्त्र पांढुरके उमटे. तांबडे आणि पिवळे काळवंडे. 1873 साली फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने रसायनात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून हा दोष कमी करण्याचा मार्ग दाखविला. तथापि सर्व रंग ग्रहण करणाऱ्या काचा बाजारात येण्यास 1906 साल उजाडले. त्यापूर्वी घेतलेल्या चित्रांच्या छायाचित्रांत हा रंगांध डोळा सर्वत्र आढळतो.

युरोपातील पुष्कळ व्यक्तिचित्रांचे यामुळे फारसे बिघडले नाही. विंटरहाल्टरने 1865 साली ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिचे चित्र रंगविले. पाठमोरी उभी राहून खांद्यावरून वळून पाहणारी, केसांत हिऱ्यांच्या चांदण्या माळलेली ती मूर्ती आहे. वस्त्र शुभ्र, केस गडद तपकिरी. काळ्यापांढऱ्या छापात असे चित्र चांगले तग धरते, आणि म्हणूनच ते जगभर पोहोचले. आमच्याकडे रविवर्म्याने आपली कन्या महाप्रभा हिचे कडेवर मूल घेतलेले जे चित्र 1893 साली काढले, त्यातही मलयाळी पद्धतीचे पांढरे वस्त्र आहे. त्याची एकरंगी प्रतही पाहवते.

पण मराठी सरदारघराण्यातील स्त्रीचे काय? तिचा शालू लाल, त्यावर जरीचा काठ, कपाळी कुंकू, अंगावर पिवळे सोने. त्या जुन्या काचेवर लाल शालू काळा होतो, जर मळकट होते, सोने शिसे होते. आपल्याकडे सौभाग्यवतीच्या अंगावरचे काळे वस्त्र आणि लाल वस्त्र यांत केवढे अंतर आहे, हे वाचकांस सांगावयास नको. शिवाय याहून विचित्र गोष्ट अशी की, त्या काळी केशवपन केलेल्या विधवेस जे तांबडे आलवण नेसावे लागे, तेही त्या काचेवर तसेच काळे उमटणार. सवाष्णीचा शालू आणि विधवेचे आलवण यांत जो भेद समाजाने इतक्या कठोरपणे राखला होता, तो कॅमेऱ्याच्या डोळ्यास दिसलाच नाही. वस्त्राच्या रंगावरून चित्रातील स्त्रीची स्थिती ओळखण्याची आपली सवय अशा प्रतीपुढे निरुपयोगी ठरते. रंगहीन प्रतीवरून कोणा राणीच्या सौभाग्याविषयी वा शोकाविषयी जे तर्क बांधले जातात, ते वाचताना हे ध्यानात ठेवावे.

आता दुसरी बाजू पाहू. प्रत केवळ हरवते असे नाही. कधी कधी मुळाने गमावलेले तीच जतन करते. सार्जंटचेच एक प्रसिद्ध चित्र आहे. पॅरिसच्या श्रीमंत वर्तुळात रूपाविषयी नावाजलेल्या मादाम गोत्रो हिचे ते चित्र 1884 सालच्या तेथील वार्षिक प्रदर्शनात मांडले गेले, आणि गहजब उडाला. काळ्या पोशाखाचा रत्नजडित पट्टा उजव्या खांद्यावरून घसरलेला दाखविला होता, हे गहजबाचे एक कारण. पुढे सार्जंटने तो पट्टा पुन्हा खांद्यावर रंगविला. आज न्यू यॉर्कमध्ये आपण पाहतो ते चित्र हे सुधारलेले रूप होय. घसरलेला पट्टा पाहावयाचा तर त्या वेळी घेतलेल्या छायाचित्राकडे जावे लागते. चित्रकाराने पुसून टाकलेला निर्णय छायाचित्राने राखून ठेवला. येथे प्रत मुळाची साक्षीदार ठरते, आणि साक्ष मुळाच्या आजच्या रूपाविरुद्ध जाते.

दुसरे उदाहरण गेन्सबरोने रंगविलेल्या डेव्हनशायरच्या डचेस जॉर्जियाना हिच्या चित्राचे. हे चित्र मे 1876 मध्ये लंडनमधील एका चित्रविक्रेत्याच्या दालनातून चोरीस गेले आणि 1901 साली शिकागो येथे परत मिळाले. त्या पंचवीस वर्षांत मूळ चित्र कोणाच्याच दृष्टीस पडत नव्हते. जगास ती डचेस ठाऊक राहिली ती छापांमुळे. गाभारा रिकामा असताना उत्सवमूर्तीने पूजा चालू ठेवावी, असाच हा प्रकार.

आमच्या देशातील स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. येथे छायाचित्र चित्रानंतर आले असे सर्वत्र म्हणता येत नाही. पुष्कळदा ते चित्राच्या आधीही होते. राजस्त्री पडद्यात राहणारी. परक्या चित्रकारापुढे तासन् तास बसणे तिच्या रीतीत बसणारे नव्हते. इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करीत असता कॅमेरा हाती घेतलेले लाला दीनदयाळ पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांनी 1892 साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी म्हणून एक स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या देखरेखीखाली ठेवला, ही गोष्ट त्या काळची अडचण आणि तीवरचा तोडगा दोन्ही दाखविते. अशी छायाचित्रे रंगवूनही देत. चित्रकारही त्यांचा आधार घेत. रविवर्माही छायाचित्रांचा उपयोग करीत असे.

याचा अर्थ असा की, एखाद्या राणीचे मुख प्रथम कॅमेऱ्याने टिपले, त्यावरून चित्रकाराने तैलचित्र रंगविले, आणि त्या तैलचित्राचे पुन्हा छायाचित्र घेऊन ते आपल्या हाती आले. आपण पाहतो ती छायेच्या चित्राची छाया. त्या काळी कॅमेऱ्यापुढे कित्येक क्षण निश्चल बसावे लागे. ओठ मिटलेले, मान ताठ, डोळे एका जागी. ती सक्तीची निश्चलता चित्रात उतरली, आणि चित्रातून पुन्हा छापात. टीकाकार मात्र ती पाहून राजघराण्याच्या कडक शिस्तीवर परिच्छेद लिहितो. आम्ही स्वतः असे परिच्छेद लिहिले आहेत, हे कबूल करणे भाग आहे.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. रविवर्म्याचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे येतात ती त्याच्या छापखान्याची रंगीत देवचित्रे. 1894 साली मुंबईत निघालेला आणि 1899 च्या सुमारास लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेला तो छापखाना घराघरांत लक्ष्मी-सरस्वती घेऊन गेला. पण ते छाप म्हणजे चित्रांची छायाचित्रे नव्हेत. प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावर आकृती उतरवून, एकावर एक रंग चढवून ते छापीत. कोणता लाल किती गडद हे दगडावर काम करणारा कारागीर ठरवी. या दोन प्रकारच्या प्रतींस एकच माप लावणे अन्यायाचे आहे.

आणि माप वेगळे असण्याचे याहून खोल कारण आहे. देव्हाऱ्यातील लक्ष्मीच्या तसबिरीत पदराचा रंग मूळ चित्रापेक्षा निराळा उतरला, म्हणून कोणाची पूजा अडली नाही. देवीस रूपे अनंत. ज्या रूपात भक्ताने तिला पाहिले त्या रूपात ती आहे. घरच्या नित्याच्या हळदकुंकवाने ती तसबीर कागद राहत नाही. पण राणी ही मर्त्य स्त्री. तिला चेहरा एक, आयुष्य एक. तिचे जे काही दिसणे होते ते चित्रकाराने एकदा पकडले. ते चुकीचे उतरले तर दुसरे रूप तिच्यापाशी नाही. म्हणून देवीच्या छापाबाबत आपण जी उदारता दाखवितो, ती व्यक्तिचित्राच्या प्रतीबाबत दाखविणे हे त्या स्त्रीवर अन्याय करणे होय.

हा अन्याय सर्वांत उघड होतो तो चित्राखालच्या ओळीत. बडोद्याचे उदाहरण घेऊ. सयाजीराव गायकवाड यांस 1881 साली राज्याधिकार प्राप्त झाले, त्या सुमारास रविवर्मा बडोद्यास आला. त्याला तेथे आणण्यात दिवाण सर टी. माधवराव यांचा हात होता. माधवराव तंजावरकडील मराठी कुळातले आणि पूर्वी त्रावणकोरचे दिवाण; त्यामुळे केरळातील चित्रकार आणि गुजराथेतील मराठी दरबार यांची गाठ पडावी हे स्वाभाविकच होते. रविवर्म्याने तेथे राजकुटुंबातील व्यक्तींची चित्रे काढली, पुढे चौदा पौराणिक चित्रेही काढली. 1961 साली उघडलेल्या फत्तेसिंह संग्रहालयात त्याच्या कामाचा मोठा संग्रह आहे.

आता एखाद्या ग्रंथात प्रत छापलेली असते आणि खाली शब्द असतात, ‘महाराणी चिमणाबाई, बडोदे’. कोणत्या चिमणाबाई? सयाजीरावांचा पहिला विवाह 1880 साली तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. सासरी त्यांचे नाव चिमणाबाई ठेविले. त्या 1885 साली निवर्तल्या. त्याच वर्षी महाराजांनी देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाईंशी विवाह केला, आणि त्यांचेही नाव चिमणाबाईच ठेविले. या दुसऱ्या चिमणाबाई 1958 पर्यंत जगल्या. त्यांनी पडदा सोडला, भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर 1911 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाच्या त्या सहलेखिका होत्या, आणि 1927 साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. एक स्त्री राणीपद लाभल्यावर पाच वर्षांत गेली. दुसरीने सात दशकांहून अधिक काळ सार्वजनिक जीवन पाहिले. चित्राखाली साल नसेल, माहेरचे कूळ नसेल, तर या दोन स्त्रिया एक होऊन जातात. अकाली गेलेल्या लक्ष्मीबाईंचा चेहरा गजराबाईंच्या कर्तृत्वास चिकटतो, किंवा याच्या उलट घडते. जिच्यापाशी मागे ठेवावयास चेहऱ्याखेरीज फारसे काही उरले नव्हते, तिचा तोही जातो.

विवाहात नाव बदलण्याची चाल आपली आहे. तिचा दोष छायाचित्राकडे देता येणार नाही. परंतु मूळ चित्र राजवाड्यात असताना ते कोणाचे हे घरातल्या माणसांस ठाऊक होते. प्रत घराबाहेर पडली आणि ते ज्ञान मागे राहिले. पश्चिमेतही असे घडले, पण तेथे ते जाणूनबुजून घडले. मादाम गोत्रोचे चित्र 1916 साली संग्रहालयास विकताना तिचे नाव लावू नये अशी इच्छा सार्जंटने व्यक्त केली, आणि चित्र ‘मादाम एक्स’ म्हणून प्रसिद्ध झाले. तेथे नाव झाकले ते संकोचाने. आमच्याकडे नाव हरवले ते निष्काळजीपणाने. पहिल्यास काही सबब तरी आहे.

राण्यांची ही कथा, तर ज्या स्त्रियांनी देवीच्या चित्रांसाठी चित्रकारापुढे बसण्याचे काम केले त्यांची काय असेल? त्यांत गोमंतकातून मुंबईस गेलेल्या, देवळांच्या आश्रयाने गायनकला जोपासणाऱ्या घराण्यांतील स्त्रिया होत्या, असे परंपरेने सांगितले जाते. त्यांच्या चित्राखाली नाव आले ते देवीचे. त्यांचे स्वतःचे आले नाही. राणीच्या नावाची चौकशी करणाऱ्या टीकेने या दुसऱ्या चौकशीकडे पाठ फिरवू नये.

रविवर्म्याच्या कृती 1979 साली राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित झाल्या, त्यामुळे त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. ही योग्य गोष्ट झाली. पण यामुळे प्रतीचे महत्त्व वाढले. मूळ जितके स्थिर तितकी पालखी हिंडणार. आजच्या रंगीत प्रती जुन्या काळ्यापांढऱ्या प्रतींहून अधिक खऱ्या आहेत, असेही आम्ही सरसकट म्हणणार नाही. एकच शालू एका पडद्यावर डाळिंबी दिसतो, दुसऱ्यावर शेंदरी. जुनी प्रत निदान आपणांपाशी रंग नाही हे उघड कबूल करीत होती. नवी प्रत रंग असल्याचा दावा करते, आणि तो तपासण्याचे साधन पाहणाऱ्याच्या हाती देत नाही. त्यात चौकट कापण्याची खोड: पूर्णाकृती चित्राचा केवळ चेहरा ठेवावा, हात, आसन, पायाखालचा गालिचा कापून टाकावा, हे नित्य चालते. व्यक्तिचित्रात हात हे मुखाइतकेच बोलतात. असे कापलेले चित्र पाहून चित्रकाराची परीक्षा करणे म्हणजे बंदिशीचा मुखडा तेवढा ऐकून गवयाची परीक्षा करणे.

म्हणून संपादक, प्रकाशक आणि ज्यांच्या घरी असे जुने छाप आहेत ते कुटुंबीय, या सर्वांपाशी आमचे मागणे थोडके आहे. चित्राखाली त्या स्त्रीचे माहेरचे आणि सासरचे दोन्ही नाव असावे. चित्रकार, साल, मूळ चित्राचे माप आणि त्याचे ठिकाण द्यावे. छायाचित्र कोणत्या काळी घेतले हे ठाऊक असल्यास तेही द्यावे, म्हणजे काळा शालू खरोखर काळा होता की काय हे वाचकास ताडता येईल. चौकट कापली असेल तर तसे लिहावे. आणि जुन्या छापामागे आजीने वा पणजीने पेन्सिलीने काही खरडून ठेविले असेल, तर नवी चौकट बसविताना तो कागद फेकून देऊ नये. पुष्कळदा त्या स्त्रीचे खरे नाव तेवढ्याच ठिकाणी उरलेले असते.

टीकाकारानेही, आम्हांसह, एक नियम पाळावा. मूळ चित्र पाहिले नसेल तर आपण प्रतीविषयी लिहीत आहोत असे आरंभीच सांगावे. यात कमीपणा नाही. पालखीचे दर्शन घेतलेला भाविक आपण गाभाऱ्यात जाऊन आलो असे कधी म्हणत नाही. आणि पालखी देवळात परतली की तोही तिच्यामागून आत जातो, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी क्षणभर थांबतो. या राजस्त्रियांच्या छापील छायांनी आपणांस बडोद्याच्या वा न्यू यॉर्कच्या त्या भिंतींपर्यंत जाण्याची ओढ लावली, आणि तेथे पोहोचेपर्यंत त्या स्त्रीचे नाव विसरू दिले नाही, तर त्यांचे काम झाले असे आम्ही समजू.